जुन्या शिडाच्या बोटीवर राहता राहता तिची दुरुस्ती कशी करायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जुनी शिडाची बोट घेतली, सामान आत टाकलं आणि आता तिच्यातच राहायचं ठरवलंय, तर पहिले काही आठवडे रंगाच्या डब्याला हात लावू नका. बहुतेक जण इथेच वेळ घालवतात, गाद्या बदलतात, लाकडाला वॉर्निश मारतात, नवीन जीपीएस बसवतात आणि खाली तळात तीस-चाळीस वर्षांचा रबरी होज एका गंजलेल्या क्लिपवर कसाबसा टिकून असतो. मला कोणी आपली बोट दाखवायला बोलावलं की मी आधी खालच्या फळ्या उचलून बघतो, केबिन नंतर.

मी इथे लिहितोय ते फायबरच्या जुन्या बोटींबद्दल, साधारण ८ ते १२ मीटर लांब, एक डोलकाठी, आत एक डिझेल इंजिन. कामाचा क्रम माझ्या मते असा: आधी खालून येणारं पाणी, मग गॅस आणि वीज, मग वरून येणारं पाणी, मग डोलकाठी, मग इंजिन. दिसणं सगळ्यात शेवटी. या क्रमाचं कारण साधं आहे, पहिल्या दोन गोष्टी तुम्ही झोपलेले असताना जीव घेऊ शकतात, बाकीच्या तुम्हाला थोडा वेळ देतात.

सुरू करायच्या आधी घराचं बघा

बोट हेच घर आहे त्यामुळे एका वेळी एकच काम उघडायचं. हा नियम सगळ्यांना पटतो आणि सगळे मोडतात, कारण एक स्क्रू काढायला गेलं की मागे दुसरी भानगड दिसते, ती उघडली की तिसरी, आणि आठवड्याभराने झोपायला जागा नाही, संडास बंद, शेगडीवर ड्रिल मशीन पडलंय. असं महिनाभर राहिलं की माणूस बोटच विकायला काढतो. एक बंक म्हणजे झोपायचा बाक, संडास आणि शेगडी, या तीन गोष्टी रोज संध्याकाळी वापरता आल्याच पाहिजेत. यातलंच एखादं उघडावं लागलं तर सकाळी उघडायचं आणि रात्रीपर्यंत तात्पुरतं का होईना बंद करायचं. दुसरी भानगड दिसली की वहीत लिहा आणि चालू काम संपवा.

काही खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, चार बाजूंनी. आणि फायबर घासायचं काम शक्यतो आत करू नका. ती धूळ म्हणजे बारीक काच असते, अंथरुणात गेली की अनेक दिवस अंग खाजतं, फुप्फुसात गेली तर त्याहून वाईट. आत करावंच लागलं तर प्लास्टिकचा पडदा टेप लावून पूर्ण बंद करा, व्हॅक्यूमचा पाइप घासायच्या जागेशीच धरा आणि धुळीचा चांगला मास्क घाला. रेझिनच्या वाफेसाठी मास्क वेगळा लागतो, धुळीचा मास्क तिथे उपयोगाचा नाही.

पहिली पायरी: तळाची भोकं मोजा

एक कागद घ्या, बोटीचा वरून दिसतो तसा आकार काढा आणि पाण्याखाली जितकी भोकं आहेत ती सगळी त्यावर दाखवा. संडासाची दोन, सिंकचं एक, इंजिनच्या पाण्याचं एक, कॉकपिटच्या, म्हणजे बसून बोट चालवायच्या उघड्या जागेच्या, निचऱ्याची, वेगमापकाचं, पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बाहेर जातो ते, सुकाणूचं. जुन्या मालकाने काय काय केलंय सांगता येत नाही, बरेचदा एखादं विसरलेलं भोक कपाटाच्या मागे सापडतं.

प्रत्येक भोकावर सीकॉक म्हणजे बंद करायचा वॉल्व असायला हवा आणि तो हाताने फिरायला हवा. अडकला असेल तर बोट पाण्यात असताना हातोडी मारू नका, पाइप घालून जोरही लावू नका, जुना धातू तुटला तर भोक उघडंच राहतं. याचा हिशोब सांगतो, पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर नुसतं २५ मिलिमीटरचं भोक पडलं तरी मिनिटाला साधारण ६० ते १०० लिटर पाणी आत येतं. अडकलेला वॉल्व यादीत लिहा आणि बोट बाहेर काढाल तेव्हा बदला. तोपर्यंत प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच सुतळीने बांधून ठेवा, अंधारात हात घातला की सापडलं पाहिजे.

धातू कुठला तेही बघा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही, त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. जरा खरवडल्यावर गुलाबी दिसलं तर त्या वॉल्ववर विश्वास ठेवू नका. ब्रॉन्झ किंवा बोटींसाठीच बनवलेला मजबूत प्लास्टिकचा वॉल्व, या दोघांपैकी एक घ्या. नवे बसवल्यावर महिन्यातून एकदा सगळे बंद-चालू करायचे, पाच मिनिटांचं काम आहे, वॉल्व अडकतात ते न फिरवल्यामुळेच.

होज दाबून बघा, कडक झालाय का, भेगा आहेत का, आतली तार गंजून बाहेर डोकावतेय का. क्लिपची वरची बाजू चकचकीत असते आणि खालची, जी दिसत नाही ती, गंजून गेलेली असते, म्हणून आरसा घेऊन किंवा हाताचं बोट फिरवून खालूनच बघायची. ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या क्लिप घ्या, जिथे फिटिंगची दांडी पुरेशी लांब आहे तिथे दोन लावा.

आता बिल्जमधलं, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या खोलगट जागेतलं पाणी. आधी सगळं उपसा, साबणाने धुवा, चिंधीने कोरडं पुसा, मग एक दिवस थांबा आणि कुठे ओल येते ते बघा. पाणी कोरड्या जागेतच माग सोडतं, घाणेरड्या बिल्जमध्ये काहीच कळत नाही. नव्याने आलेलं पाणी स्वच्छ असेल तर बोटाने जिभेला लावून बघा, खारट असेल तर खालून येतंय, गोडं असेल तर टाकीतून किंवा पावसाचं. तेलाचा तवंग असेल तर अर्थातच चाखू नका.

शाफ्टच्या जुन्या पद्धतीच्या ग्रंथीतून, म्हणजे जिथे पॅकिंगची दोरी भरलेली असते तिथून, शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडणं बरोबर आहे, ते पाणीच तिला थंड ठेवतं. शाफ्ट थांबल्यावर थेंब थांबले पाहिजेत. नवीन लोक थेंब बघून घाबरतात आणि नट आवळत सुटतात, मग शाफ्ट तापतो आणि त्याच्यावर खाच पडते. इंजिन दहा-पंधरा मिनिटं गिअरमध्ये चालवा, मग बंद करून ग्रंथीला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर सैल करा. चालू शाफ्टजवळ हात नेऊ नका.

बिल्जच्या पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा, बादलीभर पाणी ओतून तपासा, नुसता हाताने उचलून नाही. त्याची वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून आलेली असावी म्हणजे तुम्ही सगळं बंद करून गेलात तरी पंप चालेल. पंपावर लिहिलेला आकडा हा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, होजमधून वर ढकलताना तो खूप कमी देतो, म्हणून मोठा घ्या आणि एक हातपंप कॉकपिटमधून वापरता येईल असा ठेवाच.

दुसरी पायरी: गॅस आणि वीज

शेगडीचा गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर थोडाफार दारा-खिडकीतून जातो, बोटीत तो थेट खाली बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि तिथे पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. सिलिंडर अशा पेटीत हवा जिचा निचरा खालून थेट बाहेर, पाण्याच्या वर उघडतो आणि जी केबिनला कुठेच जोडलेली नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की बंद करा आणि दुरुस्त केल्याशिवाय शेगडी पेटवू नका. गॅसचा अलार्म खाली बसवायचा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ, आणि अग्निशामक असा ठेवायचा की आगीपलीकडे हात न घालता मिळेल.

विजेत जुन्या बोटीतलं मुख्य दुखणं म्हणजे आधीच्या चार-पाच मालकांनी आपापल्या पद्धतीने ओढलेल्या वायर. सगळं एकदम उपटू नका. बॅटरीपासून सुरुवात करा. बॅटरीच्या प्लस टोकापासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, तो नसेल तर आजच लावा, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काहीच नाही, ती तापून लाल होते. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो त्यामुळे वायरच्या जाडीवरून निवडायचा.

नवीन वायर कथील चढवलेली घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. जोड क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून, वर गोंदवाली हीटश्रिंक म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. नुसतं सोल्डर केलेला जोड हादऱ्याने कथील संपतं तिथेच तुटतो. आणि वायर दोन्ही टोकांना नाव लिहूनच टाका, हे आळसामुळे राहून जातं आणि दोन वर्षांनी त्याची फार किंमत मोजावी लागते.

लेड-ॲसिड बॅटरी काही तास काहीही न जोडता ठेवून मोजली तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. अर्ध्याच्या खाली नेहमी जाऊ दिली तर तिचं आयुष्य झपाट्याने संपतं. किनाऱ्यावरची वीज जोडत असाल तर प्लगची टोकं बघा, तपकिरी किंवा वितळलेली दिसली तर लगेच बदला, आग तिथूनच लागते. त्या विजेचं काम येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. बोटीतून पाण्यात उतरणारा करंट पोहणाऱ्याला मारतो, गोड्या पाण्यात जास्तच, म्हणून जिथे बोटी विजेला जोडलेल्या आहेत तिथे पाण्यात उतरू नका.

तिसरी पायरी: वरून येणारं पाणी

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण जुन्या बोटी पावसाने खराब होतात, समुद्राने कमी. बहुतेक फायबरच्या बोटींचा तळ भरीव असतो पण डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, सँडविच असतं, वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये बाल्साचं लाकूड किंवा प्लायवुड. डेकवर जे जे बोल्टने बसवलंय, कठड्याचे खांब, दोर अडकवायचे क्लीट, दोर ओढायचे विंच, खिडक्या, त्या प्रत्येक बोल्टचं भोक या लाकडातून जातं. सील जुनं झालं की पाणी भोकातून मधल्या लाकडात शिरतं, तिथून सरकत सरकत कुठेतरी दोन मीटर लांब तुमच्या उशीवर पडतं. तुम्ही उशीच्या वरच्या बोल्टला सील लावत बसता आणि दोषी बोल्ट पुढेच असतो.

म्हणून आधी डेक वाजवा. मडकं घेताना बोटांनी वाजवून बघतात ना, तसं प्लास्टिकच्या लहान हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज कडक आणि खणखणीत येतो, लाकूड कुजलंय तिथे भद्द येतो. मास्किंग टेपने त्या जागेची हद्द आखा आणि फोटो काढा. तासाभरात तुम्हाला डेकचा खरा नकाशा मिळतो.

गळती नेमकी कुठली हे शोधायला दोन माणसं लागतात, एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. खालच्या फिटिंगपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं, वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे वाहतं आणि काही कळत नाही. एकटे असाल तर उलटं करा, सगळी झाकणं-खिडक्या बंद करून एका हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या जागेतून, ब्लोअरने हवा आत भरा आणि बाहेरून फिटिंगवर साबणाचं पाणी लावत जा, जिथे बुडबुडे तिथे भोक.

आता एक फिटिंग नीट कसं बसवायचं ते सांगतो, हे जमलं की अर्धी बोट जमली. फिटिंग काढा. डेकचं भोक बोल्टपेक्षा मोठं करा, पण फक्त वरचा थर आणि लाकूड, खालचा थर जमेल तितका तसाच ठेवा. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलला लावा आणि भोकात फिरवा म्हणजे आजूबाजूचं साधारण सेंटिमीटरभर लाकूड चुरा होऊन निघतं. बाहेर येणारा चुरा काळा, ओला असेल तर आणखी काढत जा, कोरडं पांढुरकं लाकूड लागेपर्यंत. मग वाळू द्या, घाई नको, ओल्या लाकडावर इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन, धरत नाही. खालून टेप लावून भोक बंद करा, आधी पातळ इपॉक्सी आत फिरवून लाकडाला पिऊ द्या, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्या भरीव इपॉक्सीतून बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता सील कधी फुटलंच तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, खाली थेंब पडतो आणि तुम्हाला लगेच कळतं.

भोकाच्या वरच्या काठाला थोडा उतार द्या, बोल्टच्या डोक्याखाली ब्यूटाइल टेपची, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीची, वळी गुंडाळा, फिटिंगखालीही पातळ थर लावा, आणि आवळताना बोल्ट धरून ठेवून खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला तर टेप गुंडाळून वर येते. एका दमात पूर्ण आवळू नका, ब्यूटाइल हळूहळू पसरतं, चार-पाच दिवस रोज थोडं थोडं. खाली मोठी वॉशर किंवा पट्टी द्या.

सीलंटच्या ट्यूबबद्दल लोक फार भांडतात, माझं मत सांगतो. जे कधीतरी परत काढायचंय त्याखाली कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन लावू नका, काढताना डेकचा थर सोबत येतो. सिलिकॉन डेकवर नकोच, त्याचा थर राहिला की नंतर तिथे रंग, इपॉक्सी, काहीच धरत नाही. मात्र ॲक्रिलिकच्या खिडक्यांना पॉलिसल्फाइड चालत नाही, ते प्लास्टिक खराब करतं, तिथे खिडक्यांसाठीचं सिलिकॉनच लागतं. आणि ब्यूटाइल पाण्याच्या रेषेखाली किंवा डिझेल लागेल अशा जागी वापरू नका.

मोठा भाग कुजला असेल, म्हणजे हात-दोन हात, तर वरचा थर कापून लाकूड बदलावं लागतं. ते राहत्या बोटीत पावसाळी दिवसांत सुरू करू नका. सील करा, वर ताडपत्री टाका, कोरड्या हंगामाची वाट बघा.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवायचं, हार्डनर जास्त घातलं म्हणून लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतं. सुकल्यावर वर मेणचट थर येतो तो आधी पाण्याने घासून धुवायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर तो थर तुम्ही आत घासता.

चौथी पायरी: डोलकाठी आणि तारा

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून सुती कापड फिरवा, जिथे धागा अडकला तिथे एक बारीक तार तुटलीय. एक जरी तुटलेली दिसली तरी ती पूर्ण तार बदलायची. टोकाला जिथे तार दाबून बसवलेली असते त्या नळीवर भिंगाने बघा, केसासारखी भेग किंवा गंजाचा ओघळ असेल तर तीही गेली. १० ते १५ वर्षांनी सगळ्या तारा बदलाव्यात असं साधारण धरलं जातं. जुन्या मालकाला तारीख आठवत नसेल तर तारा जुन्या आहेत असंच धरा.

तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या चेनप्लेट जास्त फसव्या. स्टीलला न गंजायला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि डेकमधून जाते तिथे सीलखाली पट्टी ओली राहते पण हवा मिळत नाही, तिथेच आतून खाल्ली जाते, वर-खाली मात्र लख्ख असते. एकेक करून बाहेर काढून बघणं हाच उपाय. त्या बाजूची तार सोडायच्या आधी हॅलयार्डने, म्हणजे शीड वर चढवायच्या दोराने, डोलकाठीला तिथे पक्का आधार द्या, आणि एक परत बसल्याशिवाय दुसरी सोडू नका.

वर चढायचं असेल तर दोन वेगळ्या दोरांवर, एक ओढायला, एक जीव वाचवायला, दोन्ही गाठीने बांधलेले. झटकन उघडणाऱ्या हुकवर स्वतःला टांगू नका. खाली उभा असणाऱ्याने डोलकाठीच्या थेट खाली थांबू नये, हातातून पाना पडतोच.

पाचवी पायरी: इंजिन

जुनं डिझेल इंजिन तसं बरंच सोशिक असतं. त्याला स्वच्छ डिझेल, स्वच्छ तेल, थंड पाणी आणि हवा मिळाली की ते चालतं. बंद पडतं ते बहुतेक वेळा डिझेलमधल्या घाणीने. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, शांत पाण्यात तो बसून राहतो आणि लाटा लागल्या की नेमका नको तेव्हा ढवळून फिल्टर भरतो. टाकी एकदा साफ करून घ्या, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा तळ अधूनमधून सोडून बघा, दोन-चार जादा फिल्टर ठेवा आणि फिल्टर बदलून एअर काढायची प्रॅक्टिस बांधलेल्या बोटीवर दोन-तीनदा करा.

पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, वर्षातून एकदा बदला. पाती तुटलेली निघाली तर तुकडे पुढे शोधून काढा, ते हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकतात. इंजिन चालू केल्याबरोबर मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघायची सवय लावा. काळा धूर म्हणजे जास्त लोड किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

आणि हे मी प्रत्येकाला सांगतो: इंजिन सुरू होत नाहीये आणि तुम्ही परत परत स्टार्टर मारताय, तर आधी समुद्राच्या पाण्याचा सीकॉक बंद करा. इंजिन न पेटता फिरत राहिलं तर पंप पाणी ओढत राहतो पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, ते मफलरमध्ये भरतं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पेटल्याबरोबर लगेच सीकॉक उघडायचा.

संडास आणि कोंदट वास

संडासाचा पंप जड झाला की तेल घालण्याच्या आधी होज बघा, खारं पाणी आणि लघवी मिळून आत दगडासारखा थर जमतो. व्हिनेगर अधूनमधून रात्रभर ठेवलं तर थर कमी जमतो. शेवटचा रबरी वॉल्व दरवर्षी बदला. वास कुठून येतोय कळत नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं होजवर काही मिनिटं गुंडाळा आणि ते फडकं हुंगा, वास आला तर तोच होज झिरपतोय. कोंदटपणासाठी गादीखाली फटी असलेल्या पट्ट्या टाका म्हणजे खालून हवा खेळेल, आणि कपाटांना वर-खाली भोकं पाडा.

बोट बाहेर काढाल तेव्हा

पाण्यातून बाहेर काढलेल्या बोटीवर राहायचं असेल तर शिडीचं वरचं टोक बोटीला बांधा, सिंकच्या निचऱ्याखाली बादली ठेवा आणि बोटीचे टेकू स्वतः हलवू नका, त्यांना ताडपत्रीच्या दोऱ्या बांधू नका. सीकॉक, शाफ्टचं पॅकिंग, बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे झिंकचे तुकडे, तळाचा रंग, सुकाणू हलवून त्यातला ढिलेपणा, कील म्हणजे तळाखालचा जड पंख, त्याच्या आणि तळाच्या जोडावरची भेग, हे सगळं याच दिवसांत. झिंक निम्मं संपलं की बदलायचं, त्याला रंग कधीही लावायचा नाही, गोड्या पाण्यात असाल तर झिंकऐवजी मॅग्नेशियम. तळाला फोड दिसले तर लगेच घाबरू नका, थोडे असतील तर फोडून, धुवून, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरता येतात. फोडातून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं आणि ते दाबाने उडतं, तेव्हा चष्मा घाला.

बोट परत पाण्यात सोडताना क्रेनवाल्याला पट्टे लगेच काढू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. बोट तरंगली की टॉर्च घेऊन आत जा आणि पहिल्या दिवशी काढलेला तो भोकांचा कागद हातात धरून प्रत्येक सीकॉक, प्रत्येक क्लिप, शाफ्टची ग्रंथी हाताने चाचपून बघा, कोरडी असेल तर कागदावर खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की मगच पट्टे काढायला सांगा, आणि त्या रात्री एकदा उठून परत फळ्या उचलून बघा.